टॅटू लेझरने जातो का, आणि त्यात किती घाई चालते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, जाड काळ्या अक्षरांत एक नाव, भोवती लाल-गुलाबी फुलं आणि दोन-तीन हिरवी पानं. टॅटू चार वर्षांचा, व्यावसायिक कलाकाराने काढलेला. त्वचा सावळी. एका ठिकाणी ‘तीन सिटिंगमध्ये साफ’ असं सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी ‘बारा तरी लागतील, तरीही खात्री देत नाही’. तुम्हाला सात-आठ महिन्यांत यातून मोकळं व्हायचंय. लेझर सुरक्षित आहे का, टॅटू पूर्ण जातो का, डाग राहतो का आणि फुटलेली शाई अंगात गेल्याने कर्करोग होतो का, हे तुम्ही विचारलंय.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि टॅटूचे लेझर बरीच वर्षं स्वतः हाताळते आहे. या चारही प्रश्नांची उत्तरं देते, पण तुमची खरी अडचण त्या सात-आठ महिन्यांत आहे असं मला वाटतं. यंत्र योग्य असेल, हात जाणता असेल आणि वेळ पुरेसा दिला तर हा उपचार बऱ्यापैकी सुरक्षित आहे. यंत्र आणि हात शोधून मिळतात. वेळ मात्र कुणीच विकत देऊ शकत नाही, आणि भाजून, चट्टे पडून माझ्याकडे आलेल्या बहुतेक हातांची कहाणी ‘लवकर हवं होतं’ इथूनच सुरू झालेली असते.

घाई का चालत नाही हे कळायला आधी शाई कुठे बसलेली असते ते पाहू. त्वचेचा सगळ्यात वरचा थर काही आठवड्यांनी झडून नवा येत राहतो. शाई तिथे सोडली असती तर टॅटू आपोआप गेला असता. सुई ती त्याच्या खालच्या थरात, डर्मिसमध्ये, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल सोडते. शरीराला ही शाई परकी वाटते म्हणून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी ती गिळतात, पण कण त्यांना पचत नाहीत आणि ते घेऊन हलताही येत नाही. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई बाहेर पडते आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी ती पुन्हा गिळते. म्हणजे टॅटू जागच्या जागी टिकतो तो पेशींच्या पिढ्यान् पिढ्या शाई हातोहात पुढे देत राहतात म्हणून.

लेझर ही शाई काढत नाही, फक्त फोडतो. सुरुंगाने खडक फुटतो, पण ढिगारा उपसायला माणसंच लागतात. इथे ती माणसं म्हणजे तुमच्या भक्षक पेशी आणि लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या. बारीक झालेले कण त्या उचलून जवळच्या लसिका ग्रंथींकडे नेतात, थोडी शाई खपलीबरोबर बाहेर पडते. हे काम काही आठवडे, खरं तर काही महिने चालू राहतं. सिटिंगनंतर महिनाभराने ‘काहीच फरक नाही’ म्हणून नाराज झालेली माणसं तिसऱ्या महिन्यात स्वतःचेच जुने फोटो पाहून चकित होतात, हे माझ्याकडे नेहमीचं आहे.

नेमकी शाईच फुटावी आणि भोवतालची त्वचा शाबूत राहावी यामागचं तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं. त्याआधी, १९६०च्या दशकात, लिऑन गोल्डमन यांनी रुबी लेझर टॅटूवर वापरून पाहिला होता, पण हिशोब स्पष्ट झाला तो या तत्त्वामुळे. ज्या रंगाला जी तरंगलांबी शोषता येते ती निवडायची, आणि पल्स, म्हणजे प्रकाशाचा एकेक झोत, इतका छोटा ठेवायचा की कणातली उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत तो संपलेला असेल. टॅटूचे कण अतिशय बारीक असतात. म्हणून पल्स नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजावा लागतो. क्यू-स्विच्ड लेझर म्हणतात ते हेच. पिकोसेकंद लेझरचा पल्स त्याहूनही कितीतरी छोटा असतो.

इथे थांबून एक इशारा देते. केस काढण्याचा लेझर किंवा आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत सोडणारं) यंत्र टॅटूवर कधीही चालवून घेऊ नका. त्यांचा पल्स मिलिसेकंदांत असतो, शाईच्या दृष्टीने तो लाखो पट लांब आहे. तेवढ्या वेळात शाईतली उष्णता भोवतालच्या त्वचेत उतरते आणि ती अक्षरशः शिजते. टॅटूच्या आकाराचा उंच व्रण घेऊन येणाऱ्यांकडून ‘यंत्र कुठलं होतं ठाऊक नाही, पण केसांसाठी तेच वापरत होते’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलेलं आहे. घरी वापरायची स्वस्त पेनसारखी यंत्रंही याच कारणासाठी टाळा. त्यांच्यापासून डोळ्यांना असलेला धोका तर वेगळाच.

आता तुमचा टॅटू. काळी शाई जवळजवळ सगळ्याच तरंगलांबी शोषते, म्हणून ती सगळ्यात सोपी. तिच्यासाठी एनडी-यॅग लेझरची १०६४ नॅनोमीटर तरंगलांबी वापरतात. सावळ्या त्वचेसाठीही हीच सगळ्यात सुरक्षित, कारण त्वचेचा स्वतःचा रंग म्हणजे मेलॅनिन तिला फारसं शोषत नाही आणि ती खोलवर पोचते. लाल रंगाला मात्र ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश लागतो, आणि तो मेलॅनिन आवडीने पितं. हिरव्या रंगाला रुबीची ६९४ किंवा अलेक्झांड्राइटची ७५५ लागते, तिथेही मेलॅनिन आड येतंच. म्हणजे तुमच्या बाबतीत फुलं आणि पानं अवघड आहेत ती निव्वळ शाईमुळे नाहीत. त्या शाईपर्यंत पोचणारा प्रकाश वाटेत तुमच्याच त्वचेच्या रंगावर आदळतो, म्हणून आहेत. ऊर्जा बेताची ठेवली नाही तर फूल जाईल, पण फुलाच्या आकाराचा पांढरा डाग मागे राहील.

‘तीन’ आणि ‘बारा’ यांतलं खरं कोणतं, हे ताडून पाहायला एक जुनी मोजपट्टी आहे. किर्बी आणि देसाई यांनी २००९ मध्ये ती मांडली. त्वचेचा प्रकार, टॅटूची जागा, शाईचं प्रमाण, जुन्या टॅटूवर नवा काढलाय का, आधीचा व्रण आणि रंग अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज म्हणजे साधारण किती सिटिंग लागतील त्याचा अंदाज. तुमची त्वचा फिट्झपॅट्रिक वर्गवारीत (गोऱ्यापासून गडदपर्यंत त्वचेचे सहा प्रकार) चौथ्या प्रकारची धरली तर ४. हाताचा मनगटाकडचा भाग, ५. कारण हृदयापासून जितकं दूर तितका रक्ताचा आणि लसिकेचा ओघ कमी आणि ढिगारा हळू हलतो. शाई मध्यम, ३. मुख्यतः काळा-लाल आणि थोडा दुसरा रंग, ३. वर काही न काढलेलं आणि व्रण नाही असं गृहीत धरते, ० आणि ०. बेरीज पंधरा. ही पट्टी क्यू-स्विच्ड यंत्रांच्या काळातली आहे, प्रत्यक्षात आकडा दोन-चारने इकडेतिकडे होतो. तुमची त्वचा थोडी गोरी किंवा थोडी गडद असेल तर तेही बदलेल. न पाहता मी याहून ठाम बोलणार नाही. पण तीन? काळ्या शाईचा छोटासा, हौशी हाताने काढलेला, विरळ ठिपक्यांचा टॅटू कधीकधी चारपाच सिटिंगमध्ये जातो. तुमचा त्यातला नाही. ‘बारा, तरीही खात्री नाही’ म्हणणाऱ्या व्यक्तीने तुम्हाला खरं सांगितलंय.

याला मोठा आधार इटलीतल्या एका अभ्यासाचा आहे. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्यू-स्विच्ड लेझरने उपचार घेतलेल्या ३५२ जणांचा पाठपुरावा होता. दहा सिटिंगनंतर ४७.२ टक्के लोकांना यश आलं, पंधरानंतर ७४.८ टक्के. म्हणजे पंधरा सिटिंगनंतरही चारातल्या एकाचं समाधान झालं नव्हतं. कोणाचं काम रखडलं हेही त्यात पाहिलं होतं: काळा-लाल सोडून इतर रंग, ३० चौरस सेंटिमीटरहून मोठा टॅटू, पाय, दाट शाई, तीन वर्षांहून जुना टॅटू. ‘जुना टॅटू लवकर जातो’ असं सरसकट सांगितलं जातं, म्हणून हे शेवटचं मुद्दाम लिहिलं. तुमचा चार वर्षांचा आहे. आणखी दोन गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये दहा सिटिंगांत यश येण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी घटली होती. तुम्ही ओढत असाल तर टॅटूसाठी तरी सोडा. दुसरी गोष्ट, ज्यांच्या दोन सिटिंगमधलं अंतर आठ आठवडे किंवा त्याहून कमी होतं त्यांना निकाल कमी मिळाला.

हे दुसरं पुन्हा वाचा. दर महिन्याला एक अशा सहा सिटिंगची पॅकेजेस सर्रास विकली जातात, आणि अंतर कमी म्हणजे काम लवकर असं ऐकायला बरं वाटतं. घडतं उलटं. आधीची सूज उतरलेली नसते, रंग बनवणाऱ्या पेशी अजून बिथरलेल्या असतात, भक्षक पेशींनी पहिला माल अजून हलवलेला नसतो. त्यावर पुन्हा मारा केला की नवी शाई फार फुटत नाही आणि त्वचेचं मात्र दुप्पट नुकसान होतं. माझ्याकडे सावळ्या त्वचेसाठी किमान आठ आठवडे असतात, आणि पुढेपुढे टॅटू फिका पडत गेला की मी दहा-बारा करते. रुग्ण सहा महिन्यांनी आला तरी मला चालतं, काहीही वाया जात नाही. आठ आठवड्यांच्या अंतराने पंधरा सिटिंग म्हणजे दोन वर्षांहून थोडं अधिक. हा तुमच्या टॅटूचा वास्तव कालावधी आहे.

पिकोसेकंद यंत्राने हे निम्म्यावर येईल का? जाहिरातींमुळे हा प्रश्न मला रोज येतो. या प्रकारचा पहिला, ७५५ नॅनोमीटरचा लेझर २०१२च्या शेवटी अमेरिकेत मान्य झाला. निळ्या आणि हिरव्या शाईत त्याचा फायदा स्पष्ट आहे, तुमच्या पानांना तो खरंच उपयोगी पडेल. काळ्या शाईत मात्र चांगलं क्यू-स्विच्ड यंत्र आणि पिकोसेकंद यंत्र यांतला फरक जाहिरातीतल्या फोटोंइतका नसतो. मला निवड करायला सांगितली तर नवशिक्याच्या हातातल्या पिकोपेक्षा मी मुरलेल्या हातातलं क्यू-स्विच्ड घेईन.

आता सुरक्षिततेकडे. इथे अपेक्षित परिणाम आणि खरे दुष्परिणाम यांची सरमिसळ होते, ते वेगळे करून सांगते. लेझर पडताच जागा पांढरी होते. आत वायूचे सूक्ष्म बुडबुडे तयार झालेले असतात, वीसेक मिनिटांत तो पांढरेपणा जातो. मग लाली, सूज, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाण्याचे फोड. कधीकधी फोड मोठे आणि घाबरवणारे असतात, रक्ताळलेलेही. पुढे खपली आणि आठवडा-दोन आठवड्यांत नवी त्वचा. हे सगळं अपेक्षित आहे, हा उपचार बिघडल्याचा पुरावा नव्हे. फोड फोडू नका, खपली उपटू नका. जागा सौम्य साबणाने धुवा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, न चिकटणारी पट्टी लावा. मनगटाजवळ घड्याळ, बांगडी, घट्ट बाही घासू देऊ नका. वाढती वेदना, पू, ताप, पसरत जाणारी लाली दिसली तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

खरे दुष्परिणाम तीन. एक काळपट डाग, जो सावळ्या त्वचेत सगळ्यात जास्त दिसतो, पण ऊन टाळलं तर बहुधा काही महिन्यांत उतरतो. दुसरा फिकट किंवा पांढरा डाग. तो भरायला वेळ लागतो आणि कधीकधी कायमचा राहतो. त्याची सुरुवात दिसली की मी पुढचं सिटिंग बेलाशक पुढे ढकलते. तिसरा व्रण. योग्य लेझरने, योग्य ऊर्जेने व्रण क्वचित होतो. पुष्कळदा तो व्रण सुईनेच केलेला असतो, शाईखाली लपलेला, आणि शाई गेल्यावर उघडा पडतो. त्यासाठी आज एक काम करा. उजेड तिरपा पडेल असं बसून अक्षरांवरून बोट फिरवा. अक्षरं हाताला उंच लागली, कडा चमकल्या, तर ती जागा टॅटू गेल्यावरही तशीच हाताला लागेल. हे आधी माहीत असलं की नंतर लेझरला दोष द्यायची वेळ येत नाही. फोटोही आत्ताच काढून ठेवा.

जाणता हात म्हणजे काय, तर तो दर वेळी जास्तीत जास्त ऊर्जा वापरत नाही. जागा पांढरी झाली की पुरे. रक्ताचे टिपके उडायला लागले, वरची त्वचा फाटली, तर ऊर्जा जास्त झालेली आहे. पहिल्या सिटिंगला शाई दाट असते म्हणून ऊर्जा कमी ठेवतात आणि टॅटू फिका होत जाईल तशी वाढवतात. ‘पहिल्याच वेळी जोरात मारतो, म्हणजे लवकर होईल’ असं कोणी म्हणालं तर उठून या.

तुमच्या फुलांबद्दल दोन गोष्टी विशेष सांगायच्या आहेत. तुम्ही ‘लाल-गुलाबी’ लिहिलंय. गुलाबी, त्वचेच्या रंगाच्या, पांढऱ्या किंवा मातकट छटांमध्ये बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहाचे ऑक्साइड मिसळलेले असतात. लेझर पडताच त्यांचं रासायनिक रूप बदलतं आणि गुलाबी रंग जागच्या जागी राखाडी-काळा होतो. भुवया आणि ओठांच्या कॉस्मेटिक टॅटूंमध्ये हे फार घडतं. गुलाबी ओठांवर काळी रेघ उमटली की माणूस हादरतो. तो काळा रंग पुढे काळ्या शाईसारखाच काढता येतो बहुधा, पण सिटिंग वाढतात. म्हणून फुलाच्या एका कोपऱ्यात, जिथे फारसं दिसणार नाही तिथे, आधी छोटी चाचणी करायची आणि निदान चार ते आठ आठवडे थांबून त्वचा आणि रंग दोन्ही पाहायचे. चाचणी न करता थेट सगळ्या फुलांवर लेझर लावणारा माणूस तुमच्या कामाचा नाही.

दुसरं असं: या चार वर्षांत तो लाल भाग कधी खाजला, फुगला, उन्हात चुरचुरला आहे का? टॅटूची ॲलर्जी बहुतेक वेळा लाल शाईची असते. उत्तर ‘हो’ असेल तर लेझरच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी डॉक्टरांना ते सांगा. ॲलर्जी असलेल्या शाईचा लेझरने चुरा केला की ती अंगभर पसरते आणि पित्ताच्या गांधी उठण्यापासून, क्वचित, जिवावरच्या प्रतिक्रियेपर्यंत काहीही होऊ शकतं. अशा वेळी लाल भागासाठी मार्ग वेगळे असतात: स्टेरॉइडची इंजेक्शनं, किंवा भाग छोटा असेल तर तेवढी त्वचा कापून टाके.

काही परिस्थितींत मी लेझर सरळ नाकारते किंवा पुढे ढकलते. टॅटूत किंवा त्याच्या कडेला तीळ असेल तर त्यावर लेझर नाही. तीळ बदलतोय का हे तपासायची खूणच लेझर पुसून टाकतो, आणि मेलॅनोमाचं, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाचं, निदान त्यात हुकू शकतं. संधिवातासाठी पूर्वी सोन्याची इंजेक्शनं घेतली असतील तर लेझरने त्वचा क्षणात निळी-राखाडी होते, मग ती इंजेक्शनं कितीही वर्षांपूर्वी घेतलेली असोत. स्फोटात किंवा फटाक्यात दारूचे कण त्वचेत रुतून झालेला डाग असेल तर कण लेझरने पेटून खड्डे पडू शकतात. गर्भारपणात थांबायचं, घाई कशाला. केलॉइडची, म्हणजे व्रण वाढून जाड होण्याची, प्रवृत्ती असेल, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, प्रकाशाने त्वचा संवेदनशील करणारं काही औषध असेल, तर ते सांगून मगच ठरवायचं. आणि त्वचा नुकतीच उन्हाने रापलेली असेल तर ती पूर्ववत होईपर्यंत काहीच नाही. रापलेल्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं, बाकी तुम्ही वर वाचलंच आहे.

दुखतं का? दुखतं. टॅटू काढताना दुखलं त्याहून जास्त, पण फार थोडा वेळ, कारण तुमच्या आकाराचा टॅटू काही मिनिटांत होतो. थंड हवेचा झोत बराच उपयोगी पडतो. बधिर करणारं मलम चालतं, पण किती आणि किती वेळ ते डॉक्टरांना ठरवू द्या. घरून जाड थर लावून प्लॅस्टिक गुंडाळून जाऊ नका. मोठ्या भागावर तीव्र मलम असं लावल्याने औषध रक्तात भिनून झटके आल्याच्या आणि मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत. डोळ्यांवर त्या तरंगलांबीचा चष्मा खोलीतल्या प्रत्येकाला हवा, फक्त डॉक्टरांना नव्हे. १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसतही नाही आणि दृष्टिपटल जाळू शकतो.

कर्करोगाचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण त्याची भीती सगळ्यात मोठी आणि उत्तर सगळ्यात कमी नाट्यमय आहे. टॅटूचे लेझर कित्येक दशकं वापरात आहेत आणि त्यामुळे कर्करोग झाल्याचा सिद्ध दुवा नाही. त्याच वेळी शंका अगदी हवेतली आहे असंही मी म्हणणार नाही. प्रयोगशाळेत काही लाल अझो रंगद्रव्यांवर लेझर टाकल्यावर ती तुटून विषारी, काही कर्करोगजनक मानले जाणारे पदार्थ तयार होतात, आणि एका निळ्या फ्थॅलोसायनिन रंगद्रव्यातून हायड्रोजन सायनाइड निघाल्याचं २०१५ मध्ये दाखवलं गेलं. परीक्षानळीतला निकाल माणसाच्या त्वचेला जसाच्या तसा लागू होत नाही. एका सिटिंगमध्ये फुटणारी शाई थोडी असते. तरी मी यातून एवढा अर्थ काढते की मोठा रंगीत टॅटू एका बैठकीत पूर्ण न करता तुकड्यांनी करावा. तुमचा टॅटू त्या आकाराचा नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले, ते शाईसाठीच, लेझर असो वा नसो. कारण शाई लेझरशिवायही लसिका ग्रंथींमध्ये जाऊन बसतेच. त्यातून एक व्यावहारिक सूचना निघते: पुढे कधी काखेतल्या ग्रंथींची तपासणी किंवा मॅमोग्राफी झाली तर त्या हातावर टॅटू होता आणि लेझर केला होता हे सांगा. ग्रंथीतली शाई तपासणाऱ्याला रोगासारखी दिसू शकते.

टॅटू घालवणाऱ्या मलमांबद्दल एकच वाक्य: शाई डर्मिसमध्ये आहे, तिथपर्यंत मलम पोचत नाही, आणि जे पोचतं ते आम्ल असतं आणि व्रण करतं.

मग सात-आठ महिन्यांत तुम्ही काय करू शकता? चाचणी धरून चार, फार तर पाच सिटिंग बसतील. तेवढ्यात काळी अक्षरं बरीच फिकी होतील, लाल बहुधा चांगला उतरेल, हिरवं जवळजवळ तसंच राहील. हात कोरा होणार नाही. त्या वेळी झाकायचंच असेल तर बरी झालेल्या त्वचेवर झाकणारा मेकअप फिक्या टॅटूवर चांगला बसतो, गडद टॅटूवर बसत नाही. तेवढी सोय या काळात नक्की होईल. पण तारीख गाठण्यासाठी सिटिंग जवळजवळ ओढली तर त्या तारखेला तुमच्या हातावर टॅटू आणि भाजल्याची खूण दोन्ही असतील.

यंत्र कुठलं, १०६४ आणि ५३२ दोन्ही आहेत का, हिरव्यासाठी तिसरी तरंगलांबी आहे का, लेझर प्रत्यक्ष कोण चालवणार, फोड आले तर रात्री फोन कोण उचलणार आणि तुमच्यासारख्या त्वचेवरचे, दहाव्या सिटिंगनंतरचे फोटो दाखवता येतील का, हे सगळं जाण्याआधी विचारा. पहिल्या सिटिंगनंतरचे फोटो सगळ्यांचेच छान असतात. एकदम पूर्ण पॅकेजचे पैसे भरू नका. दर सिटिंगला भरा, म्हणजे त्वचा थांबा म्हणाली की थांबणं तुम्हालाही सोपं जातं आणि त्यांनाही.

आणि तुम्हाला मुळात नको आहे ते नाव की सगळा टॅटू, हे एकदा स्वतःशी ठरवा, कारण तुम्ही लिहिलंय त्यात फुलांबद्दल तक्रार कुठेच दिसली नाही. फक्त नाव नको असेल तर चित्र बदलतं. तीन-चार सिटिंग फक्त अक्षरांवर, १०६४ने, फुलं-पानं न छेडता. सावळ्या त्वचेला हा सगळ्यात कमी धोक्याचा रस्ता. अक्षरं पुरेशी फिकी झाली की त्यावर फुलांचंच चित्र वाढवून घेता येतं, आणि आधी फिकं केल्यामुळे कलाकाराला सगळं काळ्याने बुजवावं लागत नाही. ‘तीन सिटिंग’ म्हणणाऱ्याच्या मनात कदाचित हेच असेल, तसं असेल तर त्याने ते स्पष्ट सांगायला हवं होतं. हा मार्ग घेतलात तर शेवटच्या सिटिंगनंतर निदान दोन-तीन महिने त्वचेला द्या, आणि कलाकाराला पांढरी शाई मिसळलेल्या छटा वापरू नका म्हणून सांगा. पुढे कधी तेही काढावंसं वाटलं तर लेझरखाली काळ्या पडणाऱ्या छटा याच.